रुळाचा सांधा : एका भोकाचा इतिहास



आपल्या सातारा-सांगलीच्या रेल्वेचा इतिहास सांगा म्हटले, की माणसे शेणोलीची पगारगाडी सांगतात. ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या तुफान सेनेने ती गाडी अडवली आणि सरकारी पगाराची रक्कम चळवळीसाठी नेली. ती हकीकत सांगण्याजोगी आहेच. परंतु ज्या रुळांवर ती गाडी उभी राहिली त्या रुळांनाही एक इतिहास आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. रुळाच्या टोकाशी बोल्ट घालण्यासाठी एक लहानसे भोक पाडलेले असते. त्या भोकापासून पोलादाला तडे का जातात, ते कसे रोखता येतात, हे माणसाला कसकसे कळत गेले आणि कळल्यावरही माणसे का मेली, एवढाच हिशेब आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

मी कॉलेजात शिकलेला माणूस नव्हे. कामगारांची संघटना बांधताना अपघातांच्या चौकशीचे कागद वाचावे लागतात, आणि ते समजावेत म्हणून जी पुस्तके धुंडाळावी लागली तेवढेच माझे शिक्षण. तेव्हा सभेत जी इंजिनियर मंडळी असतील त्यांनी माझी भाषा सांभाळून घ्यावी.

प्रथम आपला मार्ग पाहू. पुण्याहून मिरजेवरून लोंढ्याकडे जाणारा रस्ता सदर्न मराठा रेल्वेने मीटर गेजचा म्हणून घातला आणि तो १८९० साली पुरा झाला. १९७१ साली पुणे-मिरज भाग ब्रॉडगेज झाला. पुणे ते मिरज हे अंतर सुमारे २७९ किलोमीटर. नीरा नदी ओलांडली की लोणंद, वाठार, कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कराड, शेणोली ही सातारा जिल्ह्यातील स्टेशने लागतात. पुढे ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी, सांगली आणि मिरज. म्हणजे ह्या दोन जिल्ह्यांच्या वाट्याला सुमारे २०० किलोमीटरचा लोहमार्ग येतो.

रूळ अखंड ओतलेला नसतो. कारखान्यातून तो ठरावीक लांबीचा येतो. आपल्याकडे ब्रॉडगेजच्या रुळाची नेहमीची लांबी १३ मीटर. उन्हाने पोलाद वाढते, म्हणून दोन रुळांच्या टोकांत थोडी फट ठेवावी लागते. ही टोके जोडायची कशी, हा आगगाडीच्या पहिल्या पिढीपुढचा मोठाच प्रश्न होता. विल्यम ब्रिजेस ॲडम्स ह्या इंग्रज कारागिराने १८४७ साली त्याचे उत्तर पेटंट केले. रुळाच्या दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्या लावायच्या; पुढे रुळाच्या पोटातून आरपार बोल्ट घालून त्या आवळू लागले. ह्यालाच आपण फिशप्लेट म्हणतो. युक्ती इतकी सोपी आणि टिकाऊ ठरली, की आजही ती वापरात आहे. मात्र बोल्ट घालायचा तर रुळाला भोक पाडले पाहिजे, आणि आपल्या कथेची सुरुवात तेथेच होते.

किती भोके? एका किलोमीटरमध्ये १३ मीटरचे रूळ घातले तर एका बाजूला ७७ सांधे होतात, दोन्ही बाजू मिळून १५४. एका सांध्याला चार भोके, प्रत्येक टोकाला दोन. म्हणजे किलोमीटरला ६१६ भोके. आपल्या दोन जिल्ह्यांतील २०० किलोमीटरचा सबंध रस्ता एकेकाळी होता तसा सांध्यांचा धरला, तर भोकांची संख्या सव्वा लाखाच्या घरात जाते. ह्यातील कोणत्याही एका भोकाने दगा दिला तरी गाडी घसरू शकते.

आता पोलाद दगा कसा देते ते पाहू. लोखंड मोडायचे तर त्यावर त्याच्या शक्तीबाहेरचे ओझे पडले पाहिजे, अशी पूर्वी सर्वांची समजूत होती. जर्मनीतील क्लाउस्थाल येथे खाणीच्या कारभारावर असलेल्या आल्बर्टने १८२९च्या सुमारास खाणीतल्या साखळ्यांवर प्रयोग केले, तेव्हा वेगळेच दिसले. साखळी सहज पेलेल एवढेच ओझे पुन्हा पुन्हा उचलायला लावले, तर ती काही काळाने तुटते. ८ मे १८४२ रोजी पॅरिसजवळ व्हर्सायहून परतणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला. डब्यांची दारे बाहेरून बंद होती, वर आग लागली, आणि पन्नासांहून अधिक माणसे प्राणांस मुकली. आस दणकट होता, मग तो मोडला कसा? हादऱ्यांनी लोखंडाचे खडे बनतात, असे त्या काळचे जाणते लोक सांगत. रँकिन नावाच्या तरुण इंजिनियरने १८४३ साली मोडलेले आस तपासून सांगितले, की लोखंडाचा पिंड पालटत नाही. आसाची जाडी जेथे एकदम बदलते त्या कोपऱ्यात बारीक चीर पडते आणि ती हळूहळू आत जाते. पुढे प्रशियाच्या रेल्वेत ऑगस्ट व्होलर ह्याने १८५० ते १८७० ह्या काळात आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून ही गोष्ट आकड्यांनी सिद्ध केली. ओझे किती, ह्याच्या जोडीने ते किती वेळा आले हेही मोजले पाहिजे, असे त्याने दाखविले. ह्या प्रकाराला नाव पडले धातूचा थकवा. कामगाराला हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही.

थकवा धरतो तो कमजोर जागी, आणि भोकाइतकी कमजोर जागा दुसरी नाही. नदीच्या प्रवाहात खांब उभा केला तर पाणी खांबाच्या दोन्ही कडांशी दाटीने वाहते. तसेच पत्र्याला ताण दिला की तो ताण भोकाच्या कडेशी दाटतो. कीर्श ह्या जर्मन पंडिताने १८९८ साली गणित मांडून दाखविले, की रुंद पत्र्यातील लहान गोल भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो. म्हणजे बाकीचा रूळ एक मणाचे दुःख सोसत असताना भोकाची कड तीन मणांचे सोसते. त्यात भोक खडबडीत असेल, कडेला कूस राहिली असेल, बोल्ट सैल होऊन भोक लांबट झाले असेल, तर विचारायलाच नको.

सांध्यावर आणखी एक आपत्ती आहे. चाक फटीवर आले की रुळाचे टोक दबते आणि पुढच्या टोकाला ठोका बसतो. तो ठोका फिशप्लेट आणि बोल्ट ह्यांच्यामार्फत भोकाच्या कडेवर येतो. खालची खडी नीट भरलेली नसेल तर टोक अधिक दबते आणि ठोका अधिक बसतो. असे लक्षावधी ठोके खाल्ल्यावर भोकाच्या कडेपासून तिरप्या रेषेत, वर आणि खाली, चिरा निघतात. चांदणीच्या टोकांसारख्या त्या दिसतात, म्हणून रेल्वेत त्यांना स्टार क्रॅक म्हणतात. वरची चीर रुळाच्या डोक्याखाली पोचली, की टोकाचा त्रिकोणी तुकडा निखळतो. आणि हे सारे फिशप्लेटच्या आड चाललेले असते. वरून चालणाऱ्या कीमनला ते दिसत नाही.

ही केवळ पुस्तकातली भीती नव्हे. ५ नोव्हेंबर १९६७, रविवारची रात्र. हेस्टिंग्जहून लंडनला येणारी गाडी हिदर ग्रीन स्टेशनाजवळ घसरली. ४९ माणसे मेली, ७८ जखमी झाली. तपासात निघाले ते एवढेच, की सांध्यावरील रुळाच्या टोकाचा पाचरीसारखा तुकडा बोल्टच्या भोकापासून गेलेल्या तड्याने निखळला होता. सांध्याखालचे स्लीपर नीट पॅक केलेले नव्हते. आणि त्याच वर्षी त्या रस्त्यावरची वेगमर्यादा ताशी ७५ मैलांवरून ९० मैलांवर नेलेली होती. वेग वाढविण्याचा हुकूम कागदावर एका दिवसात निघतो. पॅकिंग फावड्याने आणि टिकावाने करावे लागते, आणि त्याला माणसे लागतात.

येथवर रोग सांगितला, आता औषध सांगतो. त्यासाठी परदेशी जाण्याआधी आपण आपल्याच तांबट आळीत जाऊ. तांब्याचा हंडा घडवून झाला की तांबट तो मठारतो. भांडे न तापवता त्यावर अंगोअंग ठोके घालतो. ठोक्यांनी शोभा येते हे खरे, परंतु मुख्य गोष्ट अशी की मठारलेला पत्रा टणक होतो, सहज दबत नाही. थंड धातूला दाबून-ठोकून टणक करणे ते हेच. आता गावच्या सुताराकडे आणि लोहाराकडे चला. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवायची असते. धाव चाकापेक्षा किंचित लहान ठेवतात, गोवऱ्यांच्या जाळात लाल करून चढवतात आणि वर पाणी ओततात. धाव आकसते आणि चाकाचे पाटे, आरे, तुंबा ह्या सगळ्यांना जखडून टाकते. चाक रस्त्यावर दणके खाते तेव्हा पाट्यांचे सांधे उघडू पाहतात. पण आधी धावेने दिलेली मिठी सुटावी लागते, मगच सांधा उघडणार. ही मिठी ओझे येण्याच्या आधीपासून तेथे असते, म्हणूनच ती कामाला येते.

भोकाचे औषध म्हणजे तांबटाचा ठोका आणि लोहाराची धाव ह्या दोहोंचा मेळ आहे. भोक पाडून झाले की त्यात भोकापेक्षा किंचित जाड असा टणक पोलादी दांडा जोराने ओढून काढायचा. भोकाच्या लगतची धातू दबून कायमची पसरते. तिच्या बाहेरची धातू मात्र फक्त ताणली जाते, रबराप्रमाणे. दांडा बाहेर पडला की ती मूळ जागी येऊ पाहते आणि भोकाभोवतालच्या कड्याला चहूकडून आवळून धरते. झाली धाव तयार! आता गाडीच्या ओझ्याने भोकाच्या कडेवर ताण आला, तरी त्याला प्रथम ही आवळण फेडावी लागते. चीर उघडते ती ताणाने. दाबाखाली ती मिटलेली राहते. अशाने तडा पडायला कितीतरी अधिक फेरे लागतात, आणि पडलेला बारीक तडाही मंद चालतो.

ही कल्पना तोफा घडविणाऱ्यांना आधी सुचली. पूर्वी तोफेच्या नळीवर तापवलेली कडी चढवीत, अगदी आपल्या चाकावरच्या धावेप्रमाणे. पुढे नळीच आतून दाबाने फुगवून तिला स्वतःचीच धाव करून देण्याची रीत निघाली. विमानांच्या बाबतीत मात्र शिक्षण महाग पडले. १९५४च्या १० जानेवारीस आणि ८ एप्रिलला कॉमेट जातीची दोन जेट विमाने इटलीजवळच्या समुद्रावर हवेतच फुटली आणि ५६ माणसे गेली. इंग्लंडात फार्नबरो येथे एक सबंध विमान पाण्याच्या हौदात घालून, त्यात पुन्हा पुन्हा दाब भरून आणि सोडून तपास झाला. थकव्याचे तडे पत्र्याला पाडलेल्या झरोक्यांच्या कोपऱ्यांशी, तेथल्या रिव्हेटच्या व बोल्टच्या भोकांच्या कडेपासून निघाल्याचे दिसून आले. एका विमानाला अशी भोके हजारोंनी असतात. तेव्हापासून भोकाकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत बोइंग कंपनीने दांड्यावर चिरलेली पातळ नळी चढवून भोक फुगविण्याची रीत काढली. नळीमुळे दांडा ओढताना भोकाची कातडी खरवडली जात नाही. ह्या रीतीत भोक शेकडा चारच्या आसपास फुगवतात. त्याच कंपनीच्या माणसांनी १९८०च्या सुमारास अमेरिकेच्या रेल्वे खात्यासाठी रुळांच्या भोकांवर हाच प्रयोग केला. अशा रीतीने रुळावर निघालेला प्रश्न विमानावरून फिरून पुन्हा रुळाकडे आला.

आपल्याकडे काय? आपल्या रेल्वेच्या लोहमार्ग नियमावलीत भोकाच्या कडा चँफर करण्याचे काम सांगितले आहे. भोकाच्या दोन्ही तोंडांना तिरप्या धारेचे टणक पोलादी तुकडे बसवतात, मधून भारी पोलादाचा बोल्ट घालतात आणि लांब पान्याने नट आवळतात. तुकडे भोकाच्या कडेत रुततात, कूस मोडते आणि कड मठारल्यासारखी टणक होते. त्याने स्टार क्रॅक पडण्याचे लांबते, असे कारणही नियमावलीतच दिले आहे. विमानाच्या भोकातील सबंध आवळणीची सर ह्याला येणार नाही; ही त्याची धाकटी भावंडे म्हणावीत. परंतु यंत्र नाही, वीज नाही. पाना, बोल्ट आणि दोन माणसांचे हात, एवढ्यावर रानात, खडीवर उभे राहून हे करता येते.

पण त्याला पथ्ये आहेत. नवे भोक पाडले की ते लगेच चँफर झाले पाहिजे. गाड्या धावू लागून चीर पडल्यावर केलेल्या कामाचा उपयोग नाही. भोक लांबट झाले असेल तर आधी रुळाचे टोक कापून नवे भोक पाडावे लागते. भोक ड्रिलनेच पाडायचे, गॅसने कधीही नाही. गॅसची खडबडीत, करपलेली कड म्हणजे तड्याला आमंत्रण. वर्षातून एकदा, ऑक्टोबर ते फेब्रुवारी ह्या थंडीच्या दिवसांत, फिशप्लेटी उघडून तारेच्या ब्रशाने घासायच्या, रुळाची टोके भिंगाने पाहायची, ग्रॅफाइट आणि रॉकेल ह्यांचे वंगण लावून पुन्हा आवळायच्या. ज्या तड्याला प्लेट झाकते तो पाहण्याची ही मोठी संधी. ती घाईने उरकली, तर तडा पुढल्या थंडीपर्यंत आपले काम करीत राहतो.

कोणी म्हणेल, आता रूळ जोडून लांबच लांब केले आहेत, भोके उरली कोठे? सांधे पुष्कळ कमी झाले हे खरे, आणि ते चांगलेच झाले. परंतु यार्डात, सायडिंगवर, सांधा बदलण्याच्या जागी आणि क्रॉसिंगवर भोके आहेतच. शिवाय लांब रूळ मोडला की तात्पुरत्या दुरुस्तीत कधी कधी नवीन भोके पाडून फिशप्लेट लावतात. असे भोक बहुधा रात्री, थंडीत पाडले जाते. घाई सर्वांत जास्त तेथेच, आणि चँफर विसरण्याची भीतीही तेथेच.

हे फक्त रेल्वेचेच नव्हे. आपल्या भागात उसाच्या हंगामात ट्रॉल्यांची रांग लागते. ट्रॉलीच्या चासीला जोडकाम करताना गॅसने भोक पाडून बोल्ट मारलेला पुष्कळ ठिकाणी पाहायला मिळतो. दहा टनांचे ओझे आणि खड्ड्यांचा रस्ता ह्यांना ते भोक बरोबर सापडते. किर्लोस्करवाडीला १९१० साली लोखंडाचा कारखाना उभा राहिला तेव्हापासून लोखंड ह्या मुलुखाच्या अंगवळणी पडले आहे. ड्रिलने भोक पाडावे, कूस काढावी, कड मोडावी, बोल्ट पुरा आवळावा, हे ज्ञान येथे नवीन नाही. तरीही ते पाळले जात नाही, कारण पाळायला वेळ लागतो आणि वेळेचे पैसे कोणी देत नाही.

आता मी माझ्या मूळ मुद्द्यावर येतो. १२ जुलै २०१३ रोजी फ्रान्समध्ये ब्रेतिन्यी स्टेशनात वेगाने जाणारी गाडी घसरली आणि सात माणसे मेली. क्रॉसिंगवरील एक फिशप्लेट निखळून उलटली होती. तपासात काय निघाले? बोल्टच्या भोकापासून निघालेले तडे, आणि तुटलेले व सैल झालेले बोल्ट. त्या क्रॉसिंगवर तारेच्या आकाराची चीर असल्याची नोंद तर २००८ सालीच झालेली होती. आठ दिवसांपूर्वी त्या रस्त्यावरून पाहणीची फेरी करणारा एक तरुण अधिकारी खटल्यात आरोपी म्हणून उभा राहिला. ऑक्टोबर २०२२ मध्ये निकाल लागला : तो तरुण निर्दोष सुटला, आणि फ्रेंच रेल्वेला देखभालीतील हयगयीबद्दल दोषी धरून तीन लाख युरो दंड झाला. त्या तरुणाने नऊ वर्षे कशी काढली असतील, ह्याची कल्पना मला आहे. कारण कोणत्याही अपघातानंतर पहिला कागद निघतो तो शेवटचा हात लावणाऱ्या माणसाच्या नावाने, हे मी कारखान्यांतून पुष्कळ पाहिले आहे.

शेवटच्या माणसाचा दोष कधीच नसतो, असे मी म्हणत नाही. जो पाहून न पाहिल्यासारखे करतो त्याची बाजू संघटनेने घेऊ नये. परंतु तड्याचा इतिहास आपल्याला एक गोष्ट शिकवितो. पोलाद शेवटच्या ठोक्याने मोडलेले दिसते. खरे म्हणजे ते त्याआधीच्या लाखो ठोक्यांनी मोडलेले असते. शेवटच्या ठोक्याला दोष देऊन बाकीचे ठोके मोजायचे नाहीत, ही चूक रँकिनच्या आधीचे लोक करीत. माणसांच्या चौकशीत आपण अजून तेथेच आहोत. गँगमध्ये माणसे किती कमी होती, गाड्या बंद ठेवून कामाला वेळ किती मिळाला, पाना आणि चँफरचे तुकडे गँगपाशी होते की गोदामात, आधी दिलेल्या नोंदीचे काय झाले, हे मोजल्याशिवाय चौकशी पुरी होत नाही.

म्हणून तीन गोष्टी मी आपल्यापुढे ठेवतो. पहिली : जेथे भोक पाडले जाते तेथे ते टणक करण्याचे साधनही त्याच वेळी, त्याच माणसांच्या हाती असावे. दुसरी : वेग वाढविण्याचा किंवा गाड्या वाढविण्याचा हुकूम निघेल त्याच कागदावर देखभालीची माणसे आणि वेळ किती वाढविला हे लिहिलेले असावे. आपल्या मार्गाचे दुपदरीकरण आणि विद्युतीकरण झाल्याने ही गोष्ट आपल्या दाराशी आली आहे. तिसरी : तड्याची नोंद करणाऱ्या गँगमनला त्या नोंदीचे पुढे काय झाले हे लेखी कळावे. ह्यातील एकाही गोष्टीला परदेशातून यंत्र आणावे लागत नाही.

भोकाला आधीच आवळून ठेवले तर ते ओझे सोसते. लोहाराने ही गोष्ट चाकावर केली, इंजिनियरने ती विमानावर केली, आपला गँगमन पान्याने ती रुळावर करतो. त्याला ती करण्यापुरता वेळ मिळावा, एवढीच मागणी आहे.